गाळपेरीचं तेवढं बोलून जायचं होतंस

बालाजी, काल तुझ्या शोकसभेत मी तोंड उघडलं आणि तुझ्या थोरल्या भावानं माझ्या हातातला माईक काढून घेतला.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. गळ्यात कॅमेरा अडकवलेला तुझा फोटो खुर्चीवर ठेवला होता, त्याला हार. उठेल तो तुला 'तळ्याचा राखणदार' म्हणत होता, 'पाखरांचा मायबाप' म्हणत होता. वनखात्याचे साहेब आले होते. त्यांनी जाहीर केलं की तळ्याच्या काठावरच्या नव्या निरीक्षण मनोऱ्याला तुझं नाव देणार. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही कुणाला सुचलं नाही. मग 'जिवलग मित्र' म्हणून मला उभं केलं. मी म्हणालो, "गाळपेर बंद करून आपण चुकलो, ती परत चालू व्हायला पाहिजे, असं बालाजी मला म्हणाला होता. साहेब, हे त्याचे शब्द म्हणून ऐका."

तुझे थोरले भाऊ माधवराव उठले. "मिलिंद, मेलेला माणूस जबाब द्यायला येत न्हाई म्हणून त्याच्या तोंडी कायबी घालायचं का?" आणि माईक गेला.

तर आता तूच सांग. म्हणाला होतास की नव्हतास?

तुला हे सगळं नव्यानं सांगायची गरज नाही, पण रागावलेला माणूस गोष्ट पहिल्यापासून सांगतो. दसरा झाला की आपल्या तळ्याचं पाणी उतरायला लागतं. पाणी मागं सरतं तसा काळा, ओला गाळ उघडा पडतो. ती जमीन सरकारची. गावात ज्यांना स्वतःचं रान नाही त्यांना ती एका हंगामापुरती कसायला मिळायची. नांगरायला नको, पाणी द्यायला नको. ओलीवर हरभरा टाकायचा आणि संक्रांत झाली की काढायचा. हीच गाळपेर. आमच्या बौद्धवाड्यातली निम्मी घरं तिच्यावर वर्षाची डाळ काढायची. तुमचा ऊस तळ्याच्या वरच्या अंगाला बारमाही उभा असायचा. आमचं रान चार महिने आमचं आणि आठ महिने पाण्याखाली.

थंडी पडली की हंस यायचे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, करड्या अंगाचे, थव्यानं. त्यांना पुस्तकात पट्टकादंब म्हणतात हे आपल्याला फार उशिरा कळलं; गावात ते नुसते हंस. दिवसभर उघड्या काठावर बसून राहायचे आणि पहाटे हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडायला उतरायचे. माझी आई पत्र्याचा डबा बडवत त्यांच्या मागं धावायची. "मुडदा बशिवला तुमचा, एवढा हिमालय वलांडून आलाव ते माझ्याच हरभऱ्यावर?" हिमालय तिला आपण दोघांनीच शाळेतून येऊन सांगितला होता.

पण ती त्यांना हाकलायची कुठं, हे तू पाहिलेलं आहेस. पेरणीच्या ओळीला आपल्याकडे तास म्हणतात. पाण्याच्या अगदी कडेची काही तासं वाड्यातलं कुणीच राखायचं नाही. तिथं ओल जास्त, नुसता पाला माजतो, घाटा धरत नाही. तरी ती पेरायची. त्यांना 'पाखराची तासं' म्हणायचे. डबा वाजवायचा तो हंसांना आपल्या पिकातून उठवून तिकडं सारायला. कडेपर्यंत पेरलं नाही तर पाखरू मधल्या पिकात बसतं, हा त्यातला हिशेब. भूतदया वगैरे नव्हती. पण त्या रिवाजावर हंसांचं आणि आमचं दोघांचंही पोट भरायचं.

त्या रानात राखणीच्या खोपीत बसून तू माझ्या आईच्या हातची भाकरी खायचास. हे तुझ्या आईला कळलं तेव्हा तिनं भर पौषात तुला विहिरीवर उभं करून अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी तू नाक ओढत आलास आणि पुन्हा भाकरी मागितलीस. आयुष्यात माझ्यावर खूप जणांनी उपकार केले, पण त्या दुसऱ्या भाकरीएवढं मोठं काही मला कुणी दिलं नाही. तुझ्यावर एवढा राग धरूनसुद्धा मी तुला सोडू शकलो नाही त्याचं कारण तेच.

पुढे मी शाळामास्तर झालो. तू उदगीरला खत-बियाण्याचं दुकान टाकलंस आणि पहिल्या बऱ्या हंगामात घरात फ्रिज आणायच्या ऐवजी दुर्बीण आणलीस. सुरेखा तुझी बायको, ती महिनाभर ती दुर्बीण बघून म्हणायची, "ह्यात पाणी गार व्हतंय का बघा." आपण दोघं रविवारी निघायचो. गोदावरीवर क्रौंच उतरलेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून मोटारसायकलवर धर्माबादपर्यंत गेलो होतो, आठवतं? मिरचीच्या बाजारातून गाडी काढताना शिंकून शिंकून बेजार झालो. "आपली शिंक ऐकूनच समदे क्रौंच तेलंगणात पळाले," तू म्हणालास. एकही दिसला नाही त्या दिवशी. तरी तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो आहे, विशेषतः ह्या आठवड्यात. माझ्या वर्गातल्या पोरांना आज थापट्या बदक आणि चक्रवाक ओळखता येतात ते तुझ्यामुळं. हे मी काल मांडवात म्हणणार होतो, पण पोटातलं आधी ओठावर आलं.

मग तुला तळं वाचवायचं झालं. वाचवायची गरज होतीच, मी कशाला नाही म्हणू? बाहेरगावचे लोक फासे लावायला यायचे, सकाळी काठावर पिसं पडलेली असायची. तू त्यांना अडवलंस, एकदा मार खाल्लास, तक्रारी केल्यास. तेव्हा मी तुझ्या बरोबर होतो. तळं राखीव क्षेत्र व्हावं म्हणून तू लातूरला खेटे घातलेस, तेव्हाही होतो. माझी गाडी अडली ती एकाच ठिकाणी. राखीव झालं की माणूस आत नको, म्हणजे गाळपेर बंद, असं तू साहेबांना स्वतः होऊन सांगितलंस. त्यांनी विचारलंही नव्हतं.

तुझ्या दुकानातच आपलं जुंपलं.

"माणूस आत गेला की पाखरू बिचकतंय, मिल्या."

"बिचकायला ते आधी यायला पाहिजे ना. येतंय कशासाठी?"

"पाण्यासाठी."

"पाणी जिल्ह्यात धा तळ्यांत हाय. पाण्याच्या काठाला हरभरा कुठं हाय?"

"तू भावकीचं बोलून राहिलास."

"हाव, भावकीचंच. तुझ्या भावकीच्या ऊस भिजवायच्या मोटारी तळ्यात बसून हायत, त्या कधी काढतूस?"

तू गिऱ्हाईकाला युरिया दाखवायला उठलास. वास्तविक ते गिऱ्हाईक फवारणीचं औषध मागत होतं.

मोटारी निघाल्या नाहीत. तो म्हणे जुना हक्क होता. बौद्धवाड्याची गाळपेर तेवढी नवी निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. काठाला तारेचं कुंपण आलं, बोर्ड लागला, आणि वर्तमानपत्रात दुर्बीण डोळ्याला लावलेला तुझा फोटो आला. त्या वर्षी आमच्या आळीतले लोक कुंपणापाशी उभे राहून गाळ सुकताना बघत होते. माझा चुलतभाऊ रमेश, त्याची बायको शोभावहिनी तुला माहीत आहे. हंगामाला ती पोतंभर हरभरा काढायची. आता ती उदगीरच्या दाळमिलमध्ये लोकांची डाळ निवडते, पहाटेच्या जीपनं जाते आणि दिवे लागल्यावर येते. तिनं मला एकदाच बोलून दाखवलं, "पाखराला तरी आम्ही निस्तं बाजूला सारीत हुतो, भावजी. आमाला तर भाईरच काढलं."

ह्यावर तू काय म्हणाला असतास? मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण त्यानंतर आपण दोन वर्षं बोललोच नाही. चाकूरच्या बाजारात समोरासमोर आलो तर तू भाजी बघायचास आणि मी आभाळ.

आणि हंस? त्यांचं तर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. नुसता गाळ मोकळा पडला, त्यात पहिल्यांदा बेशरमीची झुडपं उगवली. मग वेडी बाभूळ. काठावर बसायला उघडी जागा राहिली नाही. झुडपात कोल्हा दडला तर हंसांना दिसायचा कसा? खुडायला हिरवं काही नाही. पहिल्या वर्षी थवा आला, थोडे दिवस राहिला. पुढच्या वर्षी घिरट्या घालून निघून गेला. त्यानंतर आलाच नाही. आणि हंस यायचे थांबल्यावर मनोरा आला. बैल गेला अन् झोपा केला. मनोऱ्याशेजारी नावेची फेरी आहे, फोटो काढायला रंगीत हंस आहे सिमेंटचा, चोच मात्र बगळ्याची. कुंपणानं शेत खाल्लं, ही म्हण आपण मराठीच्या तासाला शिकलो होतो. ती इतकी सरळ खरी होईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात उजाडता उजाडता तू माझ्या दारात आलास. दोन वर्षांचा अबोला, आणि तू नुसतं "चल" म्हणालास. मीही चप्पल घातली. आपण काठावर जाऊन उभे राहिलो. बाभळीमागं पाणी नीट दिसतही नव्हतं. तू दुर्बीण लावून कितीतरी वेळ हलला नाहीस.

"काय बघून राहिलास?" मी म्हणालो.

"काहीच न्हाई. तेच बघून राहिलो."

मग तू खाली बसलास. "चुकलं, मिल्या. त्यांना खाण्यावरनं उठवलं मी. तुमालाबी." 'तुमालाबी' म्हणालास. मी ऐकलं आहे, बालाजी. माझे कान शाबूत आहेत.

वाड्यातल्या घरांनी गाळपेरीची मागणी खात्याकडे केव्हाच केली होती. साहेबांचं उत्तर ठरलेलं: बालाजीराव तळ्याच्या कमिटीवर आहेत, त्यांची हरकत नसेल तर बघू. म्हणजे कुलूप तुझं होतं आणि किल्लीही तुझ्याच कमरेला. मी म्हणालो, "मग साहेबाला सांगून टाक. तुझ्या शब्दाबिगर ते हलत न्हाईत."

"सांगतो. पर मलाच सांगू दे. तू कुठं बोलू नगं. माझी चूक माझ्या तोंडानं निघू दे."

मला ते आवडलं. मर्दासारखं वाटलं. तुझ्या घरी येऊन आपण चहा घेतला, तेव्हा तू सुरेखालाही तेच सांगितलंस. ती मला म्हणाली, "भावजी, हे खरंच बोलतील का हो?" आपण तिघंही हसलो.

तिला तू बरोबर माहीत होतास.

हिवाळा गेला. उन्हाळ्यात म्हणालास, कमिटीची बैठकच लागत नाही. पाऊस लागला तेव्हा म्हणालास, मनोऱ्याचं तेवढं होऊ दे. "त्यांनी मला एवढं मोठं केलं, लगेच कसं म्हणू, माझंच चुकलं म्हणून?" मी म्हणालो, सावकाश म्हण, पण पाणी उतरायच्या आत म्हण. पोळ्याला मी पुन्हा विषय काढला. तेव्हा तू चिडलास आणि खरं बोललास. "गावात काय म्हणतील मालूम हाय का तुला? बालाजीनं वाड्यापुढं नाक घासलं म्हणतील."

मी उठून आलो. तुझ्या आईची ती विहीर इतक्या वर्षांनी मला पुन्हा दिसली, आणि ह्या वेळी अंघोळ तू स्वतःच्या हातानं घालून घेत होतास. तू वाईट माणूस नव्हतास. वाईट असतास तर माझं काम सोपं झालं असतं. तू पाखरासाठी मार खाणारा माणूस होतास. चार माणसांत तोंड उघडण्याचं तेवढं तुला जमलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात तू दुकानात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलास आणि उठलाच नाहीस. फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. उदगीरला पोचलो तेव्हा हातात खडू तसाच होता. मी रडलो, बालाजी. रागाच्या आधी रडलो, हे तुला कळावं म्हणून लिहितो. दवाखान्याच्या व्हरांड्यात माधवराव आणि मी एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. तुला खांदा द्यायलाही त्यांनीच मला हाक मारून पुढं घेतलं. तोच माणूस काल माझ्या हातातून माईक काढून घेत होता आणि मला त्याचा फारसा रागही येईना. त्याला त्याचा भाऊ मोठा राहायला हवा आहे. मला काय नको होता?

राग तुझा येतो. तुझ्या आईनं तुला विहिरीवर अंघोळ घातली, पण ती अडाणी होती. तुझ्याकडे दुर्बीण होती. सगळं दिसत होतं तुला. दिसूनही तू आठ-नऊ महिने हारतुरे घेत हिंडलास, आणि सांगायचं ते माझ्या एकट्याजवळ ठेवून निघून गेलास. वर बजावलंस, तू बोलू नगं. मी तुझ्या शब्दाला जागलो. आता मी बोललो तर सगळे म्हणतात, मिलिंदचा स्वार्थ आहे, त्याच्या भावकीला रान पाहिजे.

माईक गेल्यावर मांडवातल्या सगळ्यांनी सुरेखाकडे पाहिलं. तिनं एक शब्द काढला असता तरी पुरे होतं. ती खाली बघत राहिली. माधवरावांनी सभा आवरती घेतली, चहा फिरला, माणसं पांगली. शाळेच्या पायऱ्यांपाशी मी चप्पल शोधत होतो, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली. इकडेतिकडे बघून हळूच बोलली.

"बोलले व्हते ते. मला ठावं हाय, भावजी. पर रान समदं थोरल्या दिरांच्या नावावर हाय. मला ह्याच घरात दिवस काढायचेत. मला साक्षीला वढू नका."

"न्हाई वढत," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो? गेल्या पंधरवड्यात तिचं कपाळ आणि घर दोन्ही बदललं. तुझी चूक तिच्या तोंडानं निघावी अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडानं करू?

म्हणजे आता साक्षीदार कुणी उरला नाही. पाणी उतरायला लागलंय. काठावर हातभर गाळ उघडा पडला आहे, मी सकाळीच बघून आलो. बाभळी तोडून, बेशरम उपटून ह्या महिन्यात बी पडलं तर पडलं. ओल उडाली की संपलं, मग शोभावहिनीला आणखी एक साल पहाटेची जीप. सोमवारी कमिटीची बैठक आहे. तुझ्या जागी कुणाला घ्यायचं आणि मनोऱ्यावर तुझं नाव कसं लिहायचं, हे दोनच विषय आहेत. मी वाड्यातल्या लोकांना घेऊन जाणार आहे. आत घेतलं नाही तर दारात बसणार आहे.

काल रात्रभर विचार केला की तिथं काय बोलायचं. 'बालाजी असं म्हणाला होता' हे आता चालणार नाही. ते मी काल करून पाहिलं. तुझा शब्द वापरायची सोय तू ठेवली नाहीस, तेव्हा मी माझ्या शब्दात बोलणार आहे. बालाजीचं पाखरांवर प्रेम होतं आणि तळ्याचा निर्णय त्यानं चुकीचा घेतला, असं सांगणार आहे. तो माझा मित्र होता, हंस त्याच्या डोळ्यांदेखत गेले आणि कळूनही तो गप्प राहिला, असं सांगणार आहे. मोटारींचंही सांगणार आहे. माधवराव समोर असतील. ऐकू देत.

तू स्वतः उभा राहून हे बोलला असतास ना, तर गावात तुझ्याएवढा मोठा माणूस कुणी झाला नसता. वाड्यातल्या लोकांनी तुला डोक्यावर घेतलं असतं, मी सगळ्यात पुढं असतो. आता तुला चार माणसांत लहान करायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि सोमवारी मी ते करणार आहे.